पडूनच होतं की घरात!

आणि वर मलाच विचारतात, "अगं, माझी खुर्ची कुठेय?" तीन दिवस झाले होते खुर्ची जाऊन, तीन दिवस हा माणूस पलंगाच्या कडेवर टेकून पेपर वाचत होता, आणि चौथ्या दिवशी ह्यांना पत्ता लागला! मी म्हटलं, "समोर दिली, स्टोअरवाल्या भाऊजींना. पडूनच होती की घरात!" तर ह्यांनी काय म्हणावं? "पडून? अगं, तिच्यावर मी पडून होतो!"

आता तुम्हीच सांगा, ह्यात माझं काय चुकलं? म्हणजे चुकलं असेल थोडं... पण पहिल्यापासून ऐका, तुम्हीसुद्धा माझ्याच बाजूने बोलाल.

आमच्या दारासमोरचं दार ते भाऊजींचं. चौतीस वर्षं कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढली, नटबोल्ट मोजत. निवृत्त झाले, पाठोपाठ बायको गेली, आणि ह्या माणसाने राहत्या खोलीचं स्टोअर करून टाकलं हो! लोखंडी कपाट, लोखंडी पलंग, वर ट्यूबलाइट अशी पांढरीफेक की आत शिरणारा आपसूक ओळखपत्र काढायला खिशात हात घालेल. चार खुर्च्या, त्याही भिंतीला लावून ओळीत. बसलं की समोर भिंत, आणि भिंतीवर काहीसुद्धा नाही! शिवाय प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी डकवलेली. डब्यावर 'साखर', ते एक वेळ समजू शकते, माझ्याही डब्यांवर असतात. पण खिडकीवर काय असावं? 'खिडकी, उत्तर'! अहो, खोलीला खिडकी एकच, ती दक्षिणेला कशी जाईल?

तर त्या मंगळवारी मी दारात उभी होते. मला कुणाच्या घरात डोकवायची हौस नाही, पण समोरचं दार उघडं असलं तर डोळे काय मी पिशवीत घालून ठेवू? भाऊजी खोलीच्या मधोमध उभे, हातात फोन. मी म्हटलं, "काय हो भाऊजी, सगळं ठीक ना?"

"ठीक आहे, वहिनी. मुलगी येतेय शुक्रवारी. चार दिवस काम आहे तिचं इथे."

"अरे वा!"

"मैत्रिणीकडे उतरणार आहे."

हे 'मैत्रिणीकडे' ज्या आवाजात म्हणाले ना... सीलबंद पेटी उघडावी आणि आत एक नग कमी निघावा, तसं. मग मी खोदून खोदून विचारलं. तेवढं मला जमतं. तेव्हा कळलं, आई गेल्यावर ती पहिल्यांदा राहायला म्हणून आली होती, तासभर बसली आणि उठली. जाताना म्हणाली, "बाबा, रागावू नका, पण इथे बसलं की वाटतं साहेब आत आहेत आणि माझा नंबर अजून यायचाय." हसत म्हणाली हो, पण गेली ना! तेव्हापासून येते, मांडीवर पर्स ठेवून बसते, आणि जाते.

"मग सांगा ना तिला, राहा म्हणून!"

"सांगायचं काय त्यात? तिची मर्जी," असं म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. तीनदा पुसला. स्वच्छच होता, मी बघत होते ना.

झालं! मी बाह्या सरसावल्या. भाऊजी म्हणतायत, "रंगाऱ्याला बोलावू का? सोफा आणू?" मी म्हटलं, "काही नको. खोली माणसाची दिसायला पैसे नाही लागत, नुसती इकडची वस्तू तिकडे करायला लागते."

आधी खुर्च्या भिंतीपासून सोडवल्या आणि समोरासमोर मांडल्या, म्हणजे बसणाऱ्याला माणसाचं तोंड दिसेल. भाऊजी म्हणाले, "मग मधून जायची वाट?" म्हटलं, "वाट कशाला? हातगाड्या जायच्यात का?" पलंग खिडकीशी सरकवला. कपाटावर फुलाफुलांची चादर टाकली, ती आमची, पडूनच होती. ट्यूबलाइट बंद केली आणि कोपऱ्यात स्टुलावर पिवळ्या बल्बचा छोटा दिवा ठेवला, आणि काय सांगू, खोलीने सुस्कारा सोडला हो! भाऊजी म्हणाले, "दिवा कुठला?" म्हटलं, "आमचा. पडूनच होता की घरात!" आता पडून म्हणजे... ह्यांच्या उशाशी होता. दुसऱ्या दिवशी पहाटे हे चष्मा शोधत चाचपडत होते आणि पकडलं माझं नाक. ते जाऊ द्या.

मग पडदे. खोलीला पडदे नाहीत म्हणजे माणसाला भुवया नाहीत! आमच्याकडे होते, पिस्ता रंगाचे, बारीक पानांचे. मी विचार केला, आपल्या खिडकीसमोर काय आहे? एक खिडकी, तीही सहा वर्षं बंद. काढले आणि दिले. पडूनच... म्हणजे लटकूनच होते! आणि तुम्हाला सांगते, बुधवारी सकाळी हे बनियनवर दाढी करतायत आणि ती सहा वर्षं बंद असलेली खिडकी उघडली. उघडली ती उघडली, आतून एक बाई म्हणाल्या, "नमस्कार, आम्ही कालच राहायला आलो." ह्यांनी साबणाच्या तोंडाने नमस्कार केला. मग मला हाक मारली. ती हाक मी ऐकलीच नाही, कारण मी समोर आरसा लावत होते. खिडकीच्या बरोब्बर समोर आरसा लावला ना, की उजेड दुप्पट होतो, बिनपैशाचा. आरसा? आमचाच. पडूनच होता.

खरी लढाई झाली ती चिठ्ठ्यांवरून. मी ओलं फडकं घेतलं, तर भाऊजी कपाटाला पाठ लावून उभे!

"चिठ्ठ्या राहू द्या, वहिनी."

"का?"

"वस्तू सापडत नाही."

"खिडकी सापडत नाही? भाऊजी, मुलगी येतेय, ऑडिट नाही!"

एकेक चिठ्ठी खरवडली. प्रत्येक चिठ्ठीला हा माणूस असा कळवळत होता, जणू मी त्यांच्याच अंगावरची पट्टी ओढतेय. मग मलाच वाईट वाटलं. म्हणून मनीप्लांटची एक फांदी बाटलीत घालून टेबलावर ठेवली, तर त्यांनी विचारलं, "ह्याला काय म्हणायचं?" म्हटलं, "काही म्हणायचं नाही, नुसतं बघायचं!"

गुरुवारी सगळं झालं आणि एक कोपरा तेवढा ओका. तिथे असं काहीतरी हवं होतं, की माणसाने पाय वर घेऊन उगाच दोन तास बसावं. मी डोळे मिटले, आणि डोळ्यांपुढे ह्यांची वेताची खुर्ची उभी राहिली. मी तरी काय करू? उभी राहिली ती राहिली!

शुक्रवारी मी साखर मागायला गेले. साखर होती घरात, पण जायला काही निमित्त नको? मुलगी दारात उभी, खांद्याला बॅग. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, म्हणाली, "अरे वा! छान केलंय, बाबा." छान! प्रदर्शन बघून निघताना वहीत लिहितात तसं छान! बॅग खांद्यावरच. मी मनातल्या मनात म्हणतेय, आता तरी म्हणा हो भाऊजी, राहा म्हणून! भाऊजींनी घसा साफ केला आणि म्हणाले, "बल्ब बदललाय. कमी वॅटचा."

मला डोकं आपटावंसं वाटलं!

तेवढ्यात तिची नजर पलंगाजवळच्या भिंतीवर गेली. तिथे एक नवीन खुंटी, आणि खुंटीखाली चिठ्ठी. मी एकूण एक काढल्या होत्या हो, ही ह्या गृहस्थांनी सकाळी गुपचूप डकवली! त्याच स्टोअरच्या वळणदार अक्षरात: 'मुलीची बॅग.' आणि खाली बारीक: 'चार दिवस.'

तिने वाचलं. पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "चारच दिवस लिहिलंत, बाबा?"

"नाही, ते... तुझी मैत्रीण..."

"तिला कळवते मी." आणि बॅग खुंटीला अडकवली.

भाऊजींनी चष्मा काढला. ह्या वेळी खरंच पुसायला लागणार होता.

तुम्हाला सांगते, पडदे दिले, दिवा दिला, आरसा दिला, जिवंत नवऱ्याखालची खुर्ची दिली, आणि पोरगी राहिली कशावर? जी माझ्या हाती लागती तर मी खरवडून टाकली असती, त्या चिठ्ठीवर! साखर न घेताच परत आले मी. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं.

चाराचे आठ दिवस झाले. रविवारी हे तावातावाने खुर्ची आणायला गेले, ते दोन तासांनी रिकाम्या हाताने परत. "अगं, ती पाय वर घेऊन बसली होती त्यात, वडिलांशी भांडत होती पत्त्यांवरून. कसं उठवायचं?" त्यानंतर रोज संध्याकाळी हे तिकडेच असतात. म्हणतात, तिथे बरं वाटतं. वाटणारच की! सगळं पडूनच होतं ना घरात!

आणि काल भाऊजी आमच्याकडे आले, आभार मानायला. किती वर्षांनी उंबरा ओलांडला असेल! आत आले आणि थबकले. उघडी खिडकी बघितली, आरशाच्या जागचा खिळा बघितला, रिकामा कोपरा बघितला. मग आजारी माणसापाशी बोलतात तसं हळूच म्हणाले, "वहिनी, राग मानू नका... पण खोली जरा भकास वाटते हो. पाहुणा टिकायचा नाही अशाने. काळजी करू नका, फार काही लागत नाही. मी आणि मुलगी उद्या येऊन बघतो, काय करता येईल ते."

आता मी ह्या माणसाला काय सांगणार? म्हटलं, "या ना भाऊजी, नक्की या. फक्त बसायला काहीतरी घेऊन या."