नातीनं उपटलेलं भात

आमची नात सुजाता पाठीवर एक पिशवी घेऊन चार महिने एकटीच परदेश फिरायला गेल्ती, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण तिचा बाप, आमचा दिगंबर, रोज फोनवर एकच म्हणायचा, "बस झालं, परत ये."

निघताना मी तिला एवढंच सांगितलं होतं, "बाई, कुठं अडलीस तर रानातल्या बायांजवळ जा, कामाला हात लाव. काम करणाऱ्याला कोणी उपाशी ठेवत न्हाई."

लाओस देशात एका खेड्यात तिची बस चुकली. रस्त्याकडेला बाया चिखलात वाकून भातातलं गवत निंदत होत्या. पोरीनं पिशवी बांधावर ठेवली, बूट काढले आणि तीही निंदायला लागली. आता आपल्याकडं कपाशी अन् सोयाबीन. उभं भात तिनं कधी पाहिलंच नव्हतं, तिला ते गवतच वाटलं. अर्धी ओळ उपटून झाल्यावर एक म्हातारी ओरडत आली. पोरीच्या हातातली रोपं पाहिली आणि बांधावर बसून पोट धरून हसली. मग तिला घरी नेऊन जेवू घातलं, झोपायला जागा दिली.

सकाळी सुजातानं व्हिडिओ फोन लावून आम्हाला ती म्हातारीही दाखवली आणि सगळं सांगितलं. दिगंबर माझ्या शेजारी बसून ऐकत होता. मला वाटलं, आता हा हिला परत बोलावणार.

"बाबा, बोला ना," ती भीत भीत म्हणाली.

दिगंबर म्हणाला, "त्या माउलीचं जेवढं उपटलं तेवढं बराबर लावून दे. मंग पुढं जा."