पांढऱ्या रेघा

—नाही नाही, हात लावा की, काही होत नाही. आता काही येत नाही हाताला. आधी आल्या असतात ना ताई, तर तळहात पांढराफटक झाला असता, फळ्यावरून फिरवल्यासारखा. उन्हानं होतं ते. फायबरचा वरचा थर उन्हात राहून राहून खडू होतो नुसता. निळी बोट हो ही! पण ताडपत्री काढली तेव्हा मी ओळखलीच नाही, राखेत लोळून आल्यासारखी दिसत होती. मग काय — पॉलिश पेपर पाण्यात बुडवायचा आणि घासायचं, आधी जाडा, मग बारीक, मग त्याहून बारीक, मग कंपाउंड, म्हणजे पॉलिशची पेस्ट, लावून मशीन फिरवायचं. ते मशीन एका जागी धरलं की संपलं, थर करपतो. फिरतं ठेवायचं. मीच केलं सगळं, हो. आमच्या ह्यांना कुठला धीर, हे एकाच जागी रगडत बसतात. — बघा, तुमची लेक दात विचकून बघतेय त्या चकाकीत! दिसतंय ना गं? पुढचा दात पडलाय वाटतं… बाळा, खाली उतर. आत नको बसूस. उतर म्हटलं ना! — माफ करा हं ताई. ओरडले उगाच.

येतीलच हे. बुचासाठी गेलेत. बोटीला मागे, अगदी खाली, एक भोक असतं — जमिनीवर असताना आतलं पाणी वाहून जावं म्हणून — त्याला बूच लावल्याशिवाय ती पाण्यात घालता येत नाही. सकाळी होतं, आता सापडेना. दुकान काही लांब नाही, फार वेळ नाही आपल्याकडे — म्हणजे तुम्हाला फार थांबावं लागणार नाही, असं म्हणायचं होतं मला.

अहो ताई, मागून काय बघताय, मागे नुसतं इंजिन अडकवायचं असतं. पुढून बघा ना, इथून, उजेड कसा सरकतो बघा… का विकतोय? विकतोय म्हणजे — कोण बसणार आता तिच्यात? हौस सासऱ्यांची. दर सुट्टीला गळ घेऊन निघायचे, मासा एक मिळायचा नाही, पण परत यायचे ते राजासारखे. आता ते खोलीतून बाहेरच येत नाहीत. पलंगसुद्धा फिरवून घेतलाय, तोंड भिंतीकडे. खिडकीतून पाणी दिसतं ना, म्हणून. — आजारी? आजारी नाहीत. म्हणजे आहेत. घाबरलेत ते, ताई. एवढा मोठा माणूस, ह्या घरात ज्यांच्या नुसत्या खोकल्यावर सगळे उठून उभे राहायचे, तो माणूस दुपारी मला हाक मारून विचारतो, ‘सूनबाई, माझे पाय ओले आहेत का गं?’ कोरडे ठणठणीत असतात. पण मी टॉवेल घेते आणि पुसते. पुसले की झोपतात.

कारण त्या दिवशी त्यांनीच विचारलं होतं. आम्ही तिघं होतो, हे चालवत होते, मी पुढे, मामंजी मागे इंजिनाला टेकून. पाण्याच्या मधोमध पोचलो तेव्हा मामंजी म्हणाले, ‘सूनबाई, माझे पाय का ओले होतायत?’ मला वाटलं पाणी उडालं असेल. मग बघते तर पायाखालच्या फळीखालून वर येत होतं, गुपचूप, आवाज नाही काही नाही. हे हसत होते हो! ‘काही नाही, काही नाही’ म्हणत होते आणि हसत होते, आणि तोंड असं पांढरं. मी जेवणाचा डबा रिकामा केला आणि उपसत सुटले. मामंजींना पोहता येत नाही. त्यांनी माझं मनगट धरलं, सोडेनात, मी म्हणतेय मामंजी सोडा, मला उपसू द्या, सोडा — आणि ते लहान मुलासारखं धरून बसलेले. शेवटी मी त्यांच्या हातावर डबा मारला. मारला, ताई. तेव्हा सुटला.

लागलो काठाला. उथळात आलो तोवर ती बसलीच खाली.

नंतर दुरुस्त केली ह्यांनी. पुट्टी भरली, रंग दिला, म्हणाले आता दगडासारखी पक्की झालीये. आणि ताडपत्री टाकली ती टाकलीच. — स्वतः? नाही, तेव्हापासून पाय नाही ठेवला त्यांनी. आज ठेवणार. तुमच्याबरोबर. तुम्ही म्हणालात ना, एक फेरी मारून बघू, मुलीलाही आवडेल — ते ऐकल्यापासून जेवलेले नाहीत हे. मी म्हटलं नको म्हणा, तर म्हणतात, नको म्हटलं तर त्या काय समजतील?

या इकडे. मागे या. आता बघाच. ह्या तड्यांच्या रेघा दिसतात? इंजिन जिथे आवळतात त्याच्या दोन्ही बाजूंना, केसासारख्या. खडू होता तोवर काही दिसत नव्हतं, सगळंच पांढरं. मी चकाकी आणली आणि ह्या वर आल्या. कंपाउंड त्यांच्यात जाऊन बसतं ना, कितीही पुसा, पांढऱ्याच्या पांढऱ्या. काल दात घासायच्या ब्रशनं कोरून काढलं सगळं. तुम्हाला दिसू नयेत म्हणून. मीच काढलं. आज शेवटचा हात फिरवला, तर पुन्हा भरल्यात. — आणि हे ऐका. इथे वाजवते. टण्. आणि इथे… ऐकलंत? भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं. फायबरच्या आतली, इंजिनाचा भार घेणारी फळी कुजलीये.

बूच हरवलेलं नाही, ताई. माझ्या खिशात आहे. एवढ्यासाठीच काढून घेतलं, की हे थोडा वेळ जातील आणि मला कोणाशी तरी — हे वाईट नाहीत हो. मारत नाहीत, शिव्या देत नाहीत. पण चूक झाली म्हणणं जमत नाही त्यांना, त्यापेक्षा ते तुम्हाला घेऊन मधोमध जातील, आणि पुन्हा तसेच हसतील. मी काठावर उभी राहून काय बघू, सांगा? मला पुन्हा ते हसणं —

गाडी आली. तेच आहेत. लेकीचा हात धरा तुम्ही. — अहो, मिळालं? नाही, ह्या निघाल्यात. नाही, रंगाचं काही नाही. नाही हो, भाव पण नाही. मी सांगितलं. सगळं सांगितलं. बघू नका असं माझ्याकडे, द्या ते बूच इकडे… द्या ना. सोडा मूठ… अगं बाई, कसा घाम फुटलाय तुम्हाला. बसा. इथे खाली बसा आधी. कोणी जात नाहीये पाण्यात, कोणी जात नाहीये.

ताई, जा तुम्ही. बघत काय उभ्या राहिलात? जा!