रुखवतातला ग्रामोफोन

...आणि वर काय ठेवलं, तर लाडू! ग्रामोफोनवर लाडू! तबकडी फिरायची तिथं बुंदीचे लाडू गोल मांडले आणि काकी मला म्हणते, "फिरव गं जरा, पाव्हण्यायला मजा वाटंल!" खरं तर हे मी तुम्हाला सांगायचंच नाही. सुरेखाकाकीनं देवाची शपथ घातलीय, करिष्माताईचं लग्न पार पडेपर्यंत ब्र काढायचा नाही. आणि मी बोलणारी मुलगी नाहीच हो! वर्गात हजेरीला 'उपस्थित' म्हणताना माझा आवाज बसतो. पण आता त्या टेबलावरची चिठ्ठी वाचलीत ना तुम्ही? 'वधूने स्वहस्ते दुरुस्त केलेला पुरातन ग्रामोफोन'! स्वहस्ते! ताईच्या हाताला मेंदी सोडून कधी काही लागलंय का?

ताई चांगली आहे, तसं नाही. अंबाजोगाईला नर्स आहे, रात्रपाळ्या करते, तिला रुखवत करायला वेळ कुठला? म्हणून काकीनं सगळं तयार आणलं. सुपारीचे नवरा-नवरी तयार, मोत्यांची तुळस तयार, साखरेचा बंगला तयार. आणि ऐन हळदीच्या दिवशी काकीला साक्षात्कार झाला, "अगं बया, पोरीच्या हातचं कायतरी पाहिजे की! सासरचे इचारतेत!" मग ताईच्या हातचं म्हणून काय मिळालं? माझ्या हातचं! पण हे सांगायचं नाही, असं ठरलंय.

तुम्हाला सांगते, हा ग्रामोफोन मी कासमचाचांच्या भंगारातून उचलला. चाचा म्हणाले, "कावून नेती गं बेटी? अंडे ठेवायला?" कर्णा चेपलेला, यंत्राखालचं तबकड्या ठेवायचं लाकडी कपाट वाळवीनं पोखरलेलं, आणि चावी फिरवली की आतून नुसती कण्हल्यासारखी कुरकुर. दिवाळीची अख्खी सुट्टी मी त्याच्यात घातली! आतली स्प्रिंग डब्यातून काढली तर ती अशी सुटली... अशी सुटली की भिंतीवरचं कॅलेंडर फाडून शेजारच्यांच्या अंगणात! तिच्यावरचं जुनं ग्रीस डिंकासारखं झालेलं, ते रॉकेलनं धुतलं. आठवडाभर आईनं मला भाकरीच्या पिठाला हात लावू दिला नाही, एवढाच काय तो फायदा. आवाज जिथून निघतो ना, तिथं अभ्रकाची पातळ चकती असते, तिच्या कडेचं रबर वाळून दगड झालेलं. तिथं मी सायकलच्या व्हॉल्व्हची नळी बसवली. कपाटाची भोकं सरसात भुसा कालवून बुजवली, आणि लाखेचं पॉलिश... हात दुखेपर्यंत हो! आणि एक दिवस त्या कर्ण्यातून एक बाई गायला लागली. खरखरत, पण गायला लागली! मी रडले. हेही सांगायचं नाही.

बरं, आई म्हणाली, "दे गं, काकी लग्नापुरता तर मागतेय." दिला. मग सकाळी कळलं की रुखवत टेम्पोत भरून सासरी जातं! सगळं! म्हणजे लग्नापुरता नाही, जन्मापुरता! मी म्हटलं, "काकी, माझा ग्रामोफोन जायचा नाही." काकी म्हणाली, "आता तुझा कुठला? चिठ्ठी वाच!" आणि त्याला हळदीकुंकू लावलं. कर्ण्याला लावलं, ठीक. चावीला लावलं, ठीक. तबकडीला लावलं हो! कुंकू! रेघारेघांत! मी तिच्यासमोरच लाडू उचलले, ताटल्यांत घातले आणि वाटून टाकले. तुमच्या हातातला त्यातलाच आहे. खा, खा.

मग आल्या नवऱ्याच्या आत्या, रतनबाई. चष्मा वर करून म्हणाल्या, "सूनबाई, हे तू केलंस? लई भारी! कसं केलं गं?" ताई माझ्याकडे बघतेय. मी छताकडे. ताई म्हणाली, "तेल घातलं." "कंचं?" "...खोबऱ्याचं." खोबऱ्याचं! थंडीत गोठतं ते! "वाजवून दाखव की," म्हणाल्या रतनबाई. ताईनं कुंकवावरच सुई टेकवली, तर असा काही आवाज निघाला की मांडवातलं एक तान्हं पोर रडायला लागलं. मग मात्र माझ्यानं राहवेना. गेले पुढे. ओढणीनं तबकडी पुसली, सुई बदलली, कारण दर तबकडीला नवी सुई लागते, नाहीतर रेघा घासतात, हे काय चिठ्ठीत लिहिलंय? चावी दिली. आणि ती बाई गायला लागली! बँडवाले वळून बघायला लागले, आचारी झारा घेऊन बाहेर आला, सगळ्या आज्या माना डोलवायला लागल्या. आणि तेवढ्यात काकी काय म्हणाली? "ही आमच्या करिष्माच्या हाताखालची पोरगी." हाताखालची!

नाही नाही, मी आता ऐकणार नाही. टेम्पोसमोर आडवी पडेन, पण... थांबा, तुम्ही नवरीकडच्या ना? नवऱ्याकडच्या? अगंबाई. जाऊ दे, आता सांगून झालं.

"परतिक्षाऽऽ! अगं, कुठं तडफडली? कपडे भर तुझे! रतनबाई म्हन्त्यात, यंत्र वाजवायला कुनीतरी पाहिजे. पाठराखीण म्हनून तूच जा!"

ऐकलंत? पाठराखीण! म्हणजे यंत्राबरोबर मीही टेम्पोत! जावं लागणारच, काकीपुढं कुणाचं काय चाललंय? पण एक विचारते, पाठराखीण चार दिवसांनी परत येते ना? आणि येताना तिच्या सामानाला कुणी हात लावत नाही, हो ना? मग कर्णा वेगळा निघतो, कपाट राहू दे तिथं, पण बाकीचं यंत्र साडीत गुंडाळलं तर एका पिशवीत...

"परतिक्षाऽऽ!"

आले काकी! ...तर पिशवी जरा मोठी घ्यावी लागेल, तुमच्याकडे एखादी