नाकतोड्याचे पाय हलले पाहिजेत

...नाही, पण गांडूळ ते गांडूळ, त्यातही प्रकार असतात हे मला कुठं माहीत हो! शेणाच्या ढिगातलं वेगळं, आलुबुखाराच्या झाडाखालचं वेगळं! तुम्हाला सांगतो, मी जन्मभर बस हाकली, क्ल्युच गाव ते सान्स्की मोस्त गाव, साना नदी रोज खिडकीबाहेर, पण तिच्यात मासा कसा धरतात याची कधी चौकशी केली नाही. कशाला करू?

पण आमचे सासरे, अवदो! हिवाळ्यात पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात, चाला. हे चालेनात. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. शेफिका, म्हणजे आमची बायको, सूप घेऊन जायची, "बाबा, दोन घास तरी..." एक वेळ भिंत उत्तर देईल, हे देणार नाहीत! रात्री स्वयंपाकघरात ती गुपचूप डोळे पुसायची, मी बघायचो. आणि एका सकाळी म्हातारा भिंतीलाच म्हणाला, "ट्राउट मासा खाईन. नदीतला. तळ्यात पाळलेला नको." शेफिकानं माझ्याकडे अशी नजर टाकली की... तुमचं लग्न झालंय ना? मग सांगायला नको. म्हटलं, आणणार म्हणजे आणणार!

सासऱ्यांची मासे धरायची जुनी काठी काढली, गेलो झलिहाबाईंच्या गळ-दोऱ्याच्या दुकानात. म्हटलं, जाडजूड दोरा द्या, तुटायला नको. त्या म्हणाल्या, "रेडा बांधायचाय का?" पण दिला! गळ मोठा घेतला, बुडावा म्हणून शिसं मूठभर लावलं, गांडूळ चांगलं लांबलचक, आणि टाकला. धप्प! दगडाखाली जाऊन बसला तो बसला. ओढतोय, ओढतोय... आला तो नुसता दोरा! मग शिसंच काढून टाकलं, तर गांडूळ पाण्यावर तरंगत चाललंय, सहलीला निघाल्यासारखं! मासे खाली उभे, चक्क दिसतायत, ठिपके मोजावेत इतके स्वच्छ, आणि माझ्याकडे बघतायत! पण मी हटतोय? आणणार म्हणजे आणणार!

दुसऱ्या दिवशी शेजारचा मुहारेम आला, काठावर बसून सिगारेट ओढत शिकवायला लागला. "मका लाव." लावला. "छे, चीज लाव." लावलं. "अळ्या लावून बघ." अहो, अळ्यांचा डबा शेफिकाच्या फ्रीजमध्ये ठेवला होता, त्या सकाळी काय झालं ते विचारू नका! आणि हा मुहारेम, स्वतः कधी मासा धरलाय का? "नाही बुवा, मला पाण्याची भीती वाटते." ऐका!

शेवटी परत दुकानात. झलिहाबाईंनी सगळं काढून फेकलं. केसासारखा दोरा दिला, नखाएवढा गळ, शिशाचा एकच दाणा, गळाच्या वीतभर वर. "आणि गवतातला नाकतोडा. पाठीतून हळू ओवा, पाय हलले पाहिजेत. प्रवाहाच्या वरच्या अंगाला सोडा, वाहू द्या. आणि लपा हो! तुमची सावली गिरणीएवढी पडते!"

लपलो. काठच्या विलो झाडाच्या मुळांत, गुडघे चिखलात, गळ एकदा पँटला, एकदा टोपीला... आणि मग, तुम्हाला सांगतो, दोरा थांबला. नुसता थांबला. मी काठी उचलली, आणि पलीकडून कुणीतरी हिसका दिला! बस घाटात उलटतानाही... उलटली नाही कधी, पण उलटली असती तरी इतका घाबरलो नसतो! आणला काठावर. अंगावर लाल ठिपके, तळहातापेक्षा थोडा मोठा. धावत घरी!

सासऱ्यांपुढे धरला. त्यांनी भिंत सोडली, वळले. मासा बघितला, गळ बघितला, दोरा बघितला. म्हटलं, आता मला मिठी मारणार. तर म्हणतात, "ही गाठ कुणी मारली?"

"मी, बाबा."

"गाठ आहे का ही? याच्यावर ट्राउट आला म्हणजे तो आंधळा असणार! शेफिका, कुबडी आण! बूट आण!"

उठले हो! कित्येक महिन्यांनी उठले, नदीपर्यंत चालत गेले, मला शिव्या देत देत! मागे शेफिका रडतेय, हसतेय... मासा तिनं कढईत टाकला होता, तो करपला, कुणाला भान!

आता काय, रोज जातात. खुर्ची काठावर, काठी त्यांच्या हातात. मला हात लावू देत नाहीत, गाठ मारता येत नाही म्हणे! माझ्याकडे फक्त नाकतोडे! काल रस्त्यानं जाणाऱ्या कुणीतरी विचारलं, "मिळाले का काही?" मी गवतात रांगत होतो, तिथूनच म्हटलं, "पुष्कळ! पण दादा, जरा बाजूनं जा... उडतील!"