वायपरची दोरी

वायपरची मोटर एकाच दिशेने गोल फिरते. काचेवर जी डावी-उजवी हालचाल होते ती दांड्यांच्या जोडणीमुळे. हे मी कधीतरी वाचले होते, आणि एकदा ते उपयोगी पडले.

थोरल्या बंधूंशी, दादांशी, शेताच्या बांधाच्या वादावरून माझे बोलणे बंद होते. तरीही बहिणीने आम्हां दोघांना मिरजगावहून खर्ड्याला आणण्यासाठी भाच्याला जीप घेऊन पाठवले. वाटेत धो-धो पावसात वायपर थांबला.

"मोटर गुणगुणते आहे. दांडी निखळली असावी," मी भाच्याला म्हणालो.

आम्ही वायपरला दोरी बांधली. एक टोक डाव्या खिडकीतून माझ्या हाती, दुसरे उजवीकडे मागे बसलेल्या दादांच्या हाती. आता बोलल्यावाचून भागेना.

"दादा, ओढा!"

"वढतोय की! तू आधी सोड!"

"सोडली!"

"आरं, तिकडं म्हैस बांधलीय का? लई ताणतोस!"

भाचा हसला, दादा हसले, मीही हसलो.

जामखेडला मिस्त्रीने दांडी सांध्यात दाबून बसवली. वायपर चालू लागला. दादांनी दोरी गुंडाळून खिशात ठेवली आणि ते खिडकीबाहेर पाहू लागले. मीही माझ्या खिडकीबाहेर पाहू लागलो.

त्या दिवशी मिस्त्रीचे दुकान बंद असते, तर फार बरे झाले असते.