दुसऱ्या कडव्यातला आवाज

हॅलो? … हो, मीच. बोल. … नाही गं, झोपले कुठली, दुपारची भांडी आवरतेय. तू कशी काय या वेळी? संध्याकाळी गाण्याच्या तालमीला भेटणारच होतो ना.

… कुठलं रेकॉर्डिंग? … हां, चर्चमधल्या रविवारच्या उपासनेचं. ऐकलं की! चांगलं कान देऊन ऐकलं. म्हणून तर सकाळीच ऑर्गनवाल्या काकांना फोन केला. … का म्हणजे? वहिनींना गायकवृंदातून काढा, हे सांगायला!

… अगं ऐक ना. आधी ऐकून तर घे! … दुसऱ्या कडव्यातली ती ओळ माझी एकटीची आहे की नाही? … आहे ना? मग तिथे वहिनींचा आवाज कुठून आला? … चुकून? चुकून कसला! हळूच घुसल्यात त्या. मला शंका होतीच.

… कसली म्हणजे? तूच बघ. दर तालमीला माझ्यासाठी गरम पाण्याचा थर्मास आणतात. मी मागितला होता? … माझा गाण्याचा पांढरा झगा इस्त्री करून आणतात. कशाला? … प्रेम? हं! दादाचं लग्न झाल्यापासून बघतेय मी त्यांना. एवढं गोड कोणी उगाच वागत नाही, बाई. त्यांचा डोळा माझ्या जागेवर आहे.

… हो, विचारलं होतं. तालमीत, सगळ्यांसमोर विचारलं. 'वहिनी, माझ्या ओळीत गुणगुणता का तुम्ही?' तर काय म्हणाल्या? 'चुकलं, ताई.' बस्स! मान खाली. भांडण नाही, तंटा नाही. अशीच माणसं जास्त पोचलेली असतात.

… गर्व? मला? … अगं, मी रोज प्रार्थना करते त्यांच्यासाठी! 'प्रभू, वहिनींना नम्र कर.' … हसतेस काय? पाळकसाहेब लीनतेवर बोलले ना, तेव्हा अख्खा वेळ मी वहिनींकडेच बघत होते. म्हटलं, पोचतंय का तिथपर्यंत.

… थांब. हसलं कोण? … तूच? मला तर दोघी हसल्यासारखं वाटलं. कुठून बोलतेस तू? … घरूनच ना? मग आवाज असा घुमतोय का? … बरं बरं. राहू दे.

… काय? पुन्हा ऐकू? आत्ता? … अगं, पाठ आहे मला ते. … बरं बाई. ह्यांनाही पाठवलंयस ना? ह्यांच्या फोनवर लावते. पण सांगून ठेवते, माझं मत बदलायचं नाही.

… लागलं. … ही मी. एकटीच. बघ, कसा मोकळा लागलाय! … हो, हो, ऐकतेय. … आता ओळ वर चढते… आल्या! आल्या बघ वहिनी! ऐकलंस? … काय? त्यांचं सोडू? माझा आवाज ऐकू? … माझा तर…

… थांब. जरा मागे घेते.

… माझा आवाज कुठे गेला?

… नाही, ह्यांचा फोनच खराब असेल. … तुझ्या फोनवरही असंच? … परत लावते.

… फुटतोय गं. वर चढला की फुटतोय, आणि मग नाहीच. तिथे नुसत्या वहिनी आहेत. … आणि ओळ खाली आली, मी परत गायला लागले, की त्या गप्प. एक अक्षर जास्तीचं नाही.

… आधीच्या रविवारचंही असंच? … म्हणजे लोक मला येऊन सांगतात, 'काय आवाज लागला तुमचा', तो… हं.

… मग बोलल्या का नाहीत त्या? … तुलाही सांगू नको म्हणाल्या? … आणि मी चारचौघांत एवढी तोडून बोलले, तरी 'चुकलं' म्हणाल्या? काय चुकलं त्यांचं?

… हे बघ, आता खरं सांग. तू दादाकडे आहेस ना? आणि फोन स्पीकरवर आहे. … आहे ना? … दे. त्यांना दे.

… वहिनी? … सगळं ऐकलंत? … थर्मासचंही? … अरे देवा. … नाही, तिला रागावू नका. बरं केलं तिनं. … पण का केलंत असं? … नाही, खरं कारण सांगा. … 'तुम्हाला गायला आवडतं म्हणून'? … एवढंच? … त्यामागे काही नाही, वहिनी? … काहीच नाही?

… आहे, आहे मी. ते रेकॉर्डिंग बंद करत होते.

… ऐका. काका आज तालमीत सगळ्यांसमोर तुम्हाला जायला सांगणार आहेत. माझ्यामुळे. … हरकत नाही काय म्हणता? मला आहे हरकत! … तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. मी करते त्यांना फोन. … कारण? खरं तेच सांगणार. माझा आवाज आता वर चढत नाही. … हो, लाज वाटतेय. मेल्याहून मेल्यासारखं झालंय. पण सांगते.

… आणि रविवारी ती ओळ तुम्ही म्हणायची. … लपून नाही, पुढे उभं राहून. मी तुमच्या मागे उभी राहते. … पण एक अडचण आहे, वहिनी. मला मोठ्यानंच गाता येतं हो. हळू कसं गायचं, ते शिकवाल का मला?

… आजच? तालमीआधी? … येते. … हो, हो, लवकर येते. … अहो, रडताय काय? … मी? मी कुठे रडतेय! … ठेवा आता, काका घरून निघतील. … नाही, आधी तुम्ही ठेवा. … अहो, तुम्ही… बरं. मीच ठेवते.