सहाव्या घरातला लाडू

मशीन बनवताना सगळ्याचा अंदाज घेता येतो रे, फक्त मित्राच्या आईचा नाही!

लालबागच्या गाळ्यात मी आणि सच्याने आमच्या मिलिंग मशीनला हत्यारं आपोआप बदलणारी चकती बसवली. चकतीला सहा घरं. जे हत्यार मशीन वापरतंय, त्याचं घर रिकामं. काम झालं की मशीन ते तिथेच परत ठेवणार.

नेमके खंडेनवमीला भायखळ्याचे शेठ बघायला आले. पसंत पडलं तर आमची पहिली ऑर्डर! पूजा झाली, मी बटण दाबलं. मशीन ऐटीत खाली आलं, ड्रिल सोडलं, वर गेलं. बघतो तर ड्रिल बेसनाच्या लाडवात उदबत्तीसारखं उभं!

“लाडू कोणी ठेवला?” सच्या किंचाळला.

“मी,” त्याची आई म्हणाली. “पूजेच्या दिवशी एक घर रिकामां कित्याक ठेवायचां?”

आमच्या माना खाली. शेठ मात्र वाकून, डोळा बारीक करून चारी बाजूंनी लाडू बघत होते.

“बरोबर मधोमध! आणि सरळ! माझ्या मशीनला पण बसवा.”

मग आईकडे वळले. “मावशी, बिनड्रिलचा एक मिळेल?”